गवत कापणाऱ्या यंत्राची कुळकथा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर कुलदैवतांचा, गोत्रांचा, मूळ गावांचा आणि ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांचा इतिहास पुष्कळ आला आहे, आणि तो यावयासच हवा. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यातील काही कुटुंबांनी जो एक नवा व्यवसाय पत्करला आहे, त्यालाही काही कुळकथा असेल असे कोणास वाटल्याचे दिसत नाही. बागेची व शेतीची लहान यंत्रे विकावयाची आणि बिघडली की दुरुस्त करावयाची, हा तो व्यवसाय. आमच्या कोकणात लोक त्याला सरसकट ‘ग्रास कटरचे दुकान’ म्हणतात. वधूवर-परिचयाच्या पानांत अशा दुकानदार मुलाच्या नावापुढे ‘स्वतःचा व्यवसाय’ एवढेच मोघम लिहिलेले असते. ‘विक्री’ हा शब्द क्वचित सापडतो. ‘दुरुस्ती’ हा सापडत नाही. वडीलधारी मंडळीही ‘मुलाचे दुकान आहे’ हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात ‘मुलगा यंत्रे दुरुस्त करतो’ हे सांगत नाहीत.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर मराठी शाळेत इतिहास व भूगोल शिकविला. त्या पाठ्यपुस्तकांत वाफेचे यंत्र काढणारा, आगगाडी काढणारा, विजेचा दिवा लावणारा अशा सर्वांची नावे होती; बिघडलेले यंत्र पुन्हा चालते करणाऱ्याचे एकही नव्हते. म्हणून हा लेख. यंत्राची विक्री आणि यंत्राची दुरुस्ती हा मुळात एकच धंदा होता, आणि त्याला आरंभापासून दुरुस्तीनेच जगविले, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेस ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. डोंगरांच्या घळ्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांवर तेथे लोकरीच्या कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या, आणि ब्रिटिश सैनिकांच्या लाल डगल्यांचे कापड तेथून जात असे. लोकरीचे कापड विणून धुतले की त्यावर लव उभी राहते. ती पूर्वी मोठ्या कात्र्यांनी हाताने कापीत. पुढे त्यासाठी यंत्र आले. त्यात एका फिरत्या रुळावर मळसूत्रासारखी पिळाची पाती बसविलेली असत. खाली एक स्थिर पाते असे. आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेली लव कात्रीत धरल्याप्रमाणे साफ कापली जाई.

ही यंत्रे जुळविणे, त्यांची पाती लावणे, झिजलेले भाग बदलणे, असे काम करणारा एडविन बियर्ड बडिंग नावाचा एक कारागीर त्या परिसरात होता. जन्म १७९६ चा. मूळचा सुतार, पुढे लोखंडाच्या कामाकडे वळलेला. कापडावरची लव जर अशी सारखी कापता येते, तर जमिनीवरचे गवत का येऊ नये, हा विचार त्याच्या मनात आला. आज हे सोपे वाटते. परंतु तोपर्यंत मोठमोठ्या हवेल्यांपुढील हिरवळी लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत असत, आणि त्याला फार कसब लागे. दवाने ओले असलेले गवत चांगले कापले जाते म्हणून विळेकरी पहाटेच कामाला लागत. हात किंचित चुकला की हिरवळीवर चट्टे उठत. अशी हिरवळ राखणे हे केवळ श्रीमंतांचे काम होते.

बडिंगने जॉन फेराबी या ओतकाम कारखान्याच्या मालकाशी भागीदारी केली. ३१ ऑगस्ट १८३० रोजी यंत्राचे पेटंट मिळाले. त्याची रुंदी १९ इंच होती. मागचा जड रूळ जमिनीवर फिरे, त्याची गती दातेरी चाकांनी पुढच्या पात्यांच्या रुळास मिळे, आणि कापलेले गवत पुढच्या तबकात उडे. एका माणसाने मागून ढकलावयाचे आणि हवे तर दुसऱ्याने पुढून ओढावयाचे, अशी सोय होती. शेजारी वेडा म्हणतील म्हणून बडिंग रात्रीच्या वेळी यंत्राची चाचणी घेत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, यंत्राचा खडखडाट असा होता की शेजाऱ्यांची झोपमोड मात्र नक्की झाली असेल! पेटंटच्या मजकुरात त्याने असेही सुचविले होते की, खेड्यातील सभ्य गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालविणे मनोरंजक व आरोग्यदायक व्यायाम वाटेल. विक्रेत्याची ही हातोटी दोनशे वर्षांपूर्वीही होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वाचकांनी लक्ष द्यावे ते या बडिंगच्या दुसऱ्या कामगिरीकडे. मळसूत्र फिरवून ज्याचा जबडा लहानमोठा करता येतो, असा पाना त्याने १८४० नंतर तयार केला. निरनिराळ्या आकारांच्या नटांसाठी निरनिराळे पाने बाळगण्याची गरज त्यामुळे कमी झाली. म्हणजे ज्या माणसाने गवत कापण्याचे यंत्र जगास दिले, त्यानेच ते खोलण्याचे हत्यारही दिले. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. जो रोज यंत्रे खोलतो, त्यालाच कोणती गोष्ट हाताला अडते ते कळते. १८४६ साली बडिंग वारला. यंत्र दुसऱ्यांनी वाढविले.

त्या दुसऱ्यांत अग्रभागी होती इप्सविच येथील रॅन्सम यांची पेढी. १८३२ साली तिने बडिंगचे यंत्र बनविण्याचा परवाना घेतला. ही पेढी मुळात नांगर करणारी. तिचा संस्थापक रॉबर्ट रॅन्सम १७८९ साली अल्प भांडवलावर इप्सविचला आला होता. ओतशाळेत एकदा साचा फुटून तापलेला रस थंड धातूवर सांडला आणि तेवढाच भाग विलक्षण कठीण झाला, असे सांगतात. त्यावरून त्याने १८०३ साली नवा फाळ काढला. त्याची खालची बाजू कठीण व वरची मऊ. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि कठीण बाजूची धार आपोआप उघडी राहते, म्हणजे फाळ चालता चालताच धारदार राहतो. हे कौशल्य मोठे खरे. परंतु माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट १८०८ सालची. त्या वर्षी रॅन्समने असा नांगर केला की, ज्याचे झिजणारे भाग एकसारख्या मापाचे होते आणि नांगऱ्याला शेतातच जुना भाग काढून नवा बसविता येत होता. सुट्या भागांचा धंदा म्हणतात तो हाच. नांगर एकदा विकला जातो; फाळ दर हंगामात विकला जातो. पुढे हिरवळीचे यंत्र याच कारखान्यातून बाहेर पडू लागले, तेव्हा सुट्या भागांचा हा विचार तेथे आधीच मुरलेला होता.

यानंतर यंत्रे पुष्कळ झाली. स्कॉटलंडात आरब्रोथ येथे शँक्स यांनी १८४२ साली तट्टाने ओढावयाचे यंत्र काढले. तट्टाच्या खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट घालीत. आपल्याकडे बैलास पत्री ठोकतात ती बैलाच्या खुरांसाठी, तेथे तट्टास बूट घालीत ते गवतासाठी! १८५९ साली लीड्स येथील टॉमस ग्रीन यांनी दातेरी चाकांऐवजी साखळी वापरून आवाज कमी केला आणि यंत्राला ‘सायलेन्स मेसर’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘मुका कापणारा’, असे नाव दिले. ग्रीन यांची लंडनमध्येही शाखा होती. त्यांच्या जाहिरातींत यंत्राच्या स्तुतीबरोबरच, ज्यांची यंत्रे दुरुस्तीस आली असतील त्यांनी ती लीड्सला किंवा लंडनला पाठवावीत, दोन्ही ठिकाणी कुशल कामगार ठेविले आहेत, असा मजकूर असे. कारखानदार आपल्या मालाच्या जाहिरातीत ‘हे बिघडेल, तेव्हा आमच्याकडे आणा’ असे उघडपणे म्हणतो आणि त्याने गिऱ्हाईक बिचकत नाही, उलट निश्चिंत होते. आपल्या तरुण दुकानदारांनी हे ध्यानात ठेवावे. दुरुस्तीची पाटी लावण्याची लाज त्या बड्या कारखानदाराला वाटली नव्हती.

धंद्याचे गणितही तेथे दुरुस्तीवरच बसले. इंग्लंडात गवत वाढते ते साधारण मार्च ते ऑक्टोबर. विक्री होते ती वसंतात. मग थंडीच्या चार-पाच महिन्यांत दुकानदाराने काय करावे? त्या काळात गिऱ्हाइकांची यंत्रे दुकानात येऊन पडत. ती खोलून, धुऊन, पात्यांना धार लावून वसंतापूर्वी परत द्यावयाची. या पिळाच्या पात्यांना धार लावणे हे कानशीचे काम नव्हे. फिरते पाते व खालचे स्थिर पाते यांच्यामध्ये अपघर्षक चूर्णाचा लेप देऊन रूळ उलटा फिरवावयाचा, म्हणजे दोन्ही पाती एकमेकांस घासून जुळतात. मग कागदाची पट्टी मध्ये धरून रूळ हळूच फिरवावयाचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी कागद कात्रीने कापावा तसा कापला गेला पाहिजे. एके ठिकाणी जरी चुरगळला, तरी पुन्हा आरंभ. ही कागदाची कसोटी आजही बदललेली नाही. घोडे कमी झाल्यावर नाल ठोकण्याचे काम गेलेल्या अनेक लोहारांनी आणि गावच्या सायकलवाल्यांनी हे काम उचलले, आणि त्यातूनच बागयंत्रांची लहान लहान दुकाने इंग्लंडच्या खेडोपाडी उभी राहिली.

विसाव्या शतकात पेट्रोलचे इंजिन आले. रॅन्सम यांनी १९०२ साली पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस काढले, पण ते बड्या मैदानांसाठी होते. खरा पसारा झाला तो १९२१ नंतर. त्या वर्षी बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पग यांच्या कारखान्याने ‘ॲटको’ नावाचे २२ इंची मोटारयंत्र काढले. किंमत ७५ पौंड. पहिल्या वर्षी ९०० यंत्रे झाली. सामान्य बागवाल्यास इंजिनातले काही कळत नाही, बिघडले की तो हात टेकतो, हे ॲटकोवाल्यांनी ओळखले आणि देशभर स्वतःच्या सेवा-शाखा उघडल्या. हिवाळ्यात यंत्र तेथे पाठवावयाचे व वसंतात ते तयार होऊन यावयाचे, ही रीतच पडून गेली. यंत्राबरोबर मनाची स्वस्थता विकली गेली, असे म्हटले तरी चालेल.

या व्यवस्थेला तडा गेला १९६० नंतर. स्वीडनमधील कार्ल डालमन यांनी हवेच्या गादीवर तरंगणारे हलके यंत्र काढले; प्लॅस्टिकची, विजेवरची स्वस्त यंत्रे मोठ्या भांडारांतून विकली जाऊ लागली. खोक्यातून काढावे, चालवावे, बिघडले की टाकून द्यावे. लहान दुकानदारांच्या हातून विक्री निसटली. जे केवळ विक्रेते होते त्यांना टिकणे जड गेले. ज्यांच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचे बाक होते, त्यांना निदान उभे राहावयास जागा उरली, कारण भांडारातून घेतलेले यंत्रही शेवटी त्यांच्याच दारात येत असे.

येथपर्यंतची हकिकत वाचून कोणी म्हणेल की, गुरुजी, ही साहेबांच्या हिरवळींची कथा आमच्या घरी कशाला? त्याचे उत्तर बडिंगच्याच चरित्रात आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात तो जवळच्या डर्स्ली गावी गेला व जॉर्ज लिस्टर यांच्या कारखान्यात लोकर पिंजण्याच्या यंत्रांवर काम करू लागला. या जॉर्जचा मुलगा रॉबर्ट ॲश्टन लिस्टर याने १८६७ साली त्याच डर्स्लीत स्वतंत्र कारखाना काढला. आपल्याकडे विहिरीवर धडधडणारी ‘लिस्टर’ इंजिने आली ती तेथून. जड चाकाचे, संथ चालीचे ते इंजिन गावच्या मिस्त्रीला उघडता येई, भाग बदलता येत. आणि म्हणूनच राजकोटच्या कारखानदारांनी त्याच घडणीची इंजिने पुढे आपल्या देशात केली. ‘लिस्टर टाइप’ हे शब्द जाहिरातींतून आजही दिसतात. आपल्या वाडवडिलांनी उसाला व केळीला पाणी दिले त्या इंजिनाचे आणि हिरवळीच्या यंत्राचे गाव असे एकच निघते.

महाराष्ट्रात या धंद्याचे पहिले पाऊल म्हणून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या दुकानाकडे बोट दाखवीन. ते बागयंत्रांचे नव्हते, सायकलींचे होते. १८८८ साली लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असतानाच बेळगावात बंधू रामुअण्णांसह त्यांनी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लावली. सायकल विकावयाची, चालविण्यास शिकवावयाचे व नादुरुस्त झाली तर नीट करून द्यावयाची. तेथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. ते नांगर पहिली दोन वर्षे विकलेच गेले नाहीत, कारण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही गोष्ट सांगताना आपण शेतकऱ्याच्या भोळेपणाला हसतो. मला ते हसणे अन्यायाचे वाटते. लाकडी नांगराचा फाळ बोथट झाला की तो गावच्या लोहाराकडे शेवटून मिळे. ओतीव बिडाचा भाग लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकता येत नाही, तो फुटतो. लोखंडी नांगर घ्यावयाचा म्हणजे घरचा लोहार सोडून दूरच्या कारखान्याच्या भरवशावर पेरणी टांगावयाची. ऐन मृगात भाग मोडला, तर आणावयाचा कोठून? विषाची समजूत खोटी होती, पण तिच्या पाठीशी असलेली ही भीती अगदी व्यवहारी असावी. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि नांगराबरोबर त्याचे भागही आपल्याच मुलुखात होऊ लागले. त्यानंतर लोखंडी नांगर गावोगाव गेला.

आज तोच प्रश्न निराळ्या रूपाने कोकणात उभा आहे. आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यात कमरेइतके रान माजते. पूर्वी विळा-कोयते घेतलेली माणसांची रांग ते साफ करी. आज ती माणसे मुंबईत आहेत. त्यांची जागा खांद्यावरच्या ग्रास कटरने घेतली. त्यात फिरणारी नायलॉनची दोरी ही अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची १९७१ सालची कल्पना. मोटार धुण्याच्या यंत्राचे फिरते कुंचले पाहून त्यांना ती सुचली. कापडाचे यंत्र पाहून बडिंगला सुचले, तसेच हे. मात्र आमच्या जांभ्या दगडापुढे नायलॉन काय किंवा पोलादी पाते काय, दोन्ही लवकर हार खातात.

आमच्या एका आप्ताने चार वर्षांपूर्वी असे एक यंत्र घरपोच मागविले. किंमत निम्मी होती. दुसऱ्याच भाद्रपदात स्टार्टर तुटला. विकणाऱ्याने आधी छायाचित्र मागविले, मग पावती मागविली, आणि शेवटी तो भाग आता येत नाही असे कळविले. यंत्र पडवीत टांगले गेले आणि बागेत रान वाढले. अखेर तालुक्याच्या गावी दुकान असलेल्या, आपल्याच ज्ञातीतील एका मुलाने दुसऱ्या मोडक्या यंत्राचा स्टार्टर थोडा घासून त्यात बसविला. मी त्या वेळी तेथे बसून होतो. एवढ्या वेळात त्याच्याकडे पाच गिऱ्हाइके आली. त्यांतील दोघांच्या यंत्रांचे पिस्टन जाम झाले होते, कारण पेट्रोलात तेल घालावयाचे ते त्यांच्या गड्यांना ठाऊक नव्हते. मुलाने पेट्रोलच्या बाटलीवर खडूने तेलाची खूण करून दिली व ‘काका, या खुणेएवढे तेल आधी, मग पेट्रोल’ असे दोनदा म्हणवून घेतले. तिसऱ्याच्या कार्बोरेटरात गाळ बसला होता. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी न करता यंत्र ठेवून दिले की असे होते; पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून, उभ्या राहिलेल्या यंत्रांत ओल धरण्याची तक्रार अधिक येते, असे तो म्हणाला. चौथ्यास यंत्र नवे घ्यावयाचे होते. त्याला मुलाने महागडे दाखविले नाही. ‘बाग किती गुंठे, चढाची की सपाट, चालविणार कोण’ हे आधी विचारले. पाचव्याचे यंत्र पाहून, ‘यावर खर्च करू नका’, असे त्याने स्पष्ट सांगितले. हे शेवटचे वाक्य केवळ विक्रेत्याच्या तोंडी शोभले असते. ते दुरुस्ती करणाऱ्याने म्हटले, म्हणून त्याला किंमत आहे.

विक्रीवर फारसे सुटत नाही, असे तो सांगतो. सरकारी अनुदान आहे ते खरेदीपुरते. पॉवर टिलरचा गिअर भर लावणीत अडकला, तर त्यास अनुदान नाही. जून ते नोव्हेंबर त्याला जेवावयास फुरसत नसते आणि मार्च-एप्रिलमध्ये दुकानात माशा असतात. म्हणून गेल्या वर्षापासून त्याने एक नवी रीत घातली आहे. वैशाखात यंत्र आणून द्यावे, तो ते खोलून, धुऊन, प्लग व दोरी पाहून, मिरगाच्या आधी परत देईल, दर कमी. ॲटकोवाल्यांचे नाव त्याने कधी ऐकले नव्हते. मी सांगितले तेव्हा त्याला आश्चर्य वाटले नाही. ‘दुसरे करणार काय?’ एवढेच तो म्हणाला. यंदाच्या वैशाखात त्याच्याकडे एकवीस यंत्रे आली होती. बॅटरीवरची यंत्रे आता येऊ लागली आहेत. त्यांत पिस्टन नाही, कार्बोरेटर नाही. तो सध्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक जळालेली बॅटरी उघडून बसतो, आणि शिकण्यासाठी कोठे वर्ग आहे का याची चौकशी करीत असतो. मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘अभ्यासक्रम’ या रकान्यापुढे काय लिहावे, असे त्याने मला विचारले. मी त्यास ‘यंत्रदुरुस्ती’ असे पूर्ण अक्षरांत लिहावयास सांगितले आहे. अर्ज कार्यकारिणीकडे पोचला आहे.